एका ढोलीत एक

‘एका ढोलीत एकच,’ डॉक्टर म्हणाली. ‘नरमादीसुद्धा एकत्र झोपत नाहीत. अंधार पडायच्या आत ज्याने त्याने आपापल्या ढोलीत शिरायचं. ज्याला ढोली नाही तो बाहेर.’

हे तिने गाजर खाता खाता, टेबलाच्या कडेवर अर्धवट टेकून सांगितलं आणि ती पुढच्या मुद्द्याकडे वळलीसुद्धा. ही डॉक्टर औषधपाण्याची नव्हे, पक्ष्यांची. संस्थेत वयाने सगळ्यांत लहान आणि घाई सगळ्यांत जास्त. समोर बसलेली चित्रकार तिच्याहून चांगली वीसेक वर्षांनी मोठी. संस्थेत तिला सगळे ताई म्हणत. घरी मात्र ती अजून बेबी होती. पन्नाशी उलटली, केस पिकले, चष्म्यात खालची काच वेगळी आली, तरी बेबीच. संस्थेच्या पुस्तकांतले आणि फलकांवरचे पक्षी वर्षानुवर्षं तिच्या हातचे. आताचं काम एका मोठ्या फलकाचं होतं. शहराबाहेरच्या पाइनच्या जंगलात मुठीत मावेल एवढा एक काळापांढरा सुतारपक्षी राहत होता, झपाट्याने संपत चाललेला, आणि तो रात्री कसा झोपतो हे जंगलात फिरायला येणाऱ्यांना चित्रातून दाखवायचं होतं. खोड मधोमध कापल्यासारखं काढायचं, आत ढोली, ढोलीत झोपलेला पक्षी.

‘बाहेर म्हणजे कुठे?’ बेबीने विचारलं.

‘कुठेही. फांदीच्या बेचक्यात, नाहीतर सालीला धरून.’

‘आणि पाऊस आला तर?’

‘भिजतो,’ डॉक्टर म्हणाली. ‘पण ते नाही हं काढायचं, ताई. आपल्याला ढोली दाखवायचीय.’

बेबी हसली. त्या ‘भिजतो’मध्ये हसण्यासारखं काहीतरी होतं खरं. पण संध्याकाळी बसमध्ये दांडीला धरून उभी असताना तिच्या लक्षात आलं, की आपले गाल दुखताहेत. तोंड अजून हसतंच राहिलं होतं. तिने ते मिटलं. समोरच्या सीटवरच्या बाईने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि उठून जागा दिली. बेबी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि एक स्टॉप आधीच उतरून गेली. का ते तिला सांगता आलं नसतं. उरलेला रस्ता ती चालत आली. दुकानांचे दिवे लागत होते. वरच्या मजल्यांवर एकेक खिडकी उजळत होती, आणि आज पहिल्यांदाच ती खिडक्या बघताना मनात म्हणत होती, हा एक शिरला, हा एक शिरला.

घरात दोन खोल्या होत्या आणि हॉल होता. एक खोली आईवडलांची, एक दादावहिनीची, आणि हॉल सगळ्यांचा. बेबी हॉलमध्ये झोपायची. त्यात कुणी तिच्यावर अन्याय केला असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि तिच्याही आलं नव्हतं. त्याआधीच्या एका खोलीच्या घरात सगळे ओळीने झोपत. पहिली भिंत, मग बेबी, मग आई, मग दादा, मग बाबा, मग स्टोव्ह. भिंतीच्या थंडाव्याला पाठ आणि आईच्या पोटाला तोंड लावून झोपलेलं तिला आठवत होतं. आईच्या पदराला कांद्याचा आणि धुण्याच्या साबणाचा मिळून एक वास यायचा. मग हे घर घेतलं तेव्हा ती अठराएक वर्षांची होती. रिकाम्या घरात बाबा बोटाने हवेत रेघा मारत फिरत होते. ही आमची, ही दादाची, उद्या त्याचं लग्न होईल. बेबीचं काय, असं आईने विचारलं होतं. निदान बेबीला तसं आठवत होतं. बाबा हसून म्हणाले होते, बेबी काय, आज ना उद्या आपल्या घरी जाणार. मग तिच्यासाठी एक दिवाण घेतला. तात्पुरता. खाली कप्पा असलेला, म्हणजे सकाळी अंथरूण आत टाकलं की वर चादर घालून पाहुण्यांना बसता यावं. त्या तात्पुरत्या दिवाणाचं कापड तीनदा बदललं, एक पाय बदलला, बाबा गेले, दादाचा मुलगा जन्मला, वाढला, बेबीशेजारी गादी टाकून झोपला, शिकायला परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. बेबी मात्र आज ना उद्या जाणारच होती. एकदा तर अगदी जाता जाता राहिली. एका छापखान्याचा मालक होता, मऊ बोलायचा, चित्रांचे ठसे स्वतः तपासायचा. दोन वर्षं तो येत राहिला, त्याच दिवाणावर बसून चहा पीत राहिला, आणि मग येईनासा झाला. का ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. त्या रात्री ती त्याच दिवाणावर झोपली, तो बसायचा ती बाजू सोडून.

हॉलमध्ये झोपणाऱ्याला सगळ्यांच्या नंतर झोपावं लागतं आणि सगळ्यांच्या आधी उठावं लागतं. टीव्ही बंद झाला की रात्र. पाहुणे रेंगाळले तर ते आपल्या अंथरुणावर बसून रेंगाळतात, आणि आपण समोरच्या खुर्चीत जांभया गिळत त्यांना आग्रह करतो, बसा हो, काय घाई आहे. कपडे बदलायचे ते न्हाणीघरात. रडायचं तेही तिथेच, नळ सोडून. वाचायचं असेल तर दिवा लावता येत नाही, कारण उजेड दोन्ही दारांखालून आत जातो. हे सगळं बेबीला पाठ होतं, इतकं की ते आता तिला दिसतही नव्हतं. पण आणखीही एक होतं. ज्याला झोप यायची नाही तो हॉलमध्ये यायचा. बाबा यायचे, खुर्चीत बसून घसा खाकरायचे, मग हळूच विचारायचे, बेबी, जागी आहेस का? ती जागी व्हायची आणि म्हणायची, आहे. दादाची नोकरी गेली तेव्हा आठवडाभर घरात त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पण रोज तो पाणी प्यायला म्हणून यायचा आणि तिच्या पायांशी, अंथरुणाच्या कडेवर बसून राहायचा. ती पाय आखडून घ्यायची आणि काही विचारायची नाही. वहिनी दवाखान्यातून पोट मोकळं करून परत आली, ते दुसरं मूल, जे राहिलं नाही, तेव्हा तीही अशीच बाहेर येऊन बसली होती. तिने बेबीचा तळपाय हातात धरला होता, जणू तो कुणा लहान मुलाचा आहे. त्या घरातल्या प्रत्येकाचं दुःख बेबीला पायांच्या बाजूने माहीत होतं.

आईला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. शेवटच्या आजारपणात बेबी आईच्या खोलीत खाली गादी टाकून झोपायची, आणि आई गेली तेव्हा आपली गादी गुंडाळून पुन्हा बाहेर आली; तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काही करायचं असतं हे सुचलंच नाही. खोली बंद राहिली. हळूहळू तिच्यात इस्त्रीचं टेबल गेलं, वहिनीचं शिवणयंत्र गेलं, मग रिकामी खोकी. सगळे तिला आईची खोली म्हणत. त्या संध्याकाळी चालत घरी आल्यावर बेबीने चपला काढल्या, हातपाय धुतले आणि ओला हात पुसता पुसता ती त्या दारासमोर उभी राहिली. आत काही दिसत नव्हतं. ‘काय शोधतेस?’ वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. ‘काही नाही,’ बेबी म्हणाली. तिच्या मनात नुकतंच एक वाक्य तयार झालं होतं आणि ते इतकं साधं होतं की तिला त्याची भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर तिला जंगलात घेऊन गेली. ढोलीचं तोंड प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी काढणार नाही, असं बेबीने सांगितलं होतं, आणि ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. दुपार कलती झाली तेव्हा त्या पोचल्या. उंच, सरळ झाडं, खाली वाळलेल्या सुयांचा इतका जाड थर की पाऊल वाजत नव्हतं. ढोल्यांची झाडं लांबूनच ओळखू येत होती. तोंडाभोवती पक्ष्यांनी टोचून टोचून राळ वाहती केली होती आणि मेणबत्ती वितळावी तशी ती खोडावर पांढरी थिजली होती. ‘सापासाठी,’ डॉक्टर म्हणाली. ‘राळ चिकटली की तो वर चढत नाही.’ दोघी एका आडव्या ओंडक्यावर बसल्या. डॉक्टरने पिशवीतून गाजरं काढली, एक तिला दिलं.

‘हे संपताहेत ते खाणं मिळत नाही म्हणून का?’ बेबीने विचारलं.

‘छे. किडे चिक्कार आहेत. यांना झोपायला जागा नाही.’ डॉक्टरने मान वर करून झाडांकडे पाहिलं. ‘जिवंत झाडात खोदतात ना. कोवळ्या झाडात चालत नाही, आतून मऊ झालेलं म्हातारं झाड लागतं. आणि म्हातारी झाडं सगळी तोडली आपण. एक ढोली करायला वर्षं लागतात. कधीकधी एकाने सुरू केलेली त्याचा मुलगा पुरी करतो.’

‘मुलगा तिथेच राहतो?’

‘काही राहतात. मुली बहुतेक उडून जातात, मुलगे दोनतीन राहतात मागे. पुढच्या पिल्लांना भरवतात, राखण करतात. स्वतःचं घर मांडत नाहीत.’

‘आणि त्याला ढोली?’

‘मिळाली तर मिळाली.’ मग डॉक्टरने एकदम तिच्या हातावर हात ठेवला. ‘श्श. आले.’

आधी आवाज आले, रबराची बाहुली दाबल्यासारखे. मग ते दिसले, पाच होते. खोडांवर गोल गोल चढत, एकमेकांना हाका मारत, घरी आलेल्या माणसांनी जिना चढता चढता बोलावं तसे बोलत ते वर सरकत होते. एक तोंडाशी थांबला, आत डोकावला, मान बाहेर काढून इकडेतिकडे पाहिलं आणि शिरला. तो बाप, डॉक्टर पुटपुटली. मग आई. मग आणखी दोघे, जरा हुज्जत घालून. पाचवा राहिला. तो पहिल्या ढोलीशी गेला; आतून चोच बाहेर आली, तो मागे सरला. दुसऱ्या ढोलीशी गेला. तिथेही तसंच. त्यात राग नव्हता. बसमध्ये ‘इथे कुणी आहे’ म्हणतात तेवढंच. चारही तोंडं त्याने पाहिली, काल पाहिली असणारच, परवाही पाहिली असणार, आणि तरी आजही त्याने एकेक करून पाहिली. मग तो थोड्या अंतरावरच्या झाडावर, फांदी खोडाला मिळते तिथे खाली, सालीला चिकटून बसला. दोनदा जागा बदलली. शेवटी मान वळवून चोच पाठीच्या पिसांत घातली आणि तिच्या डोळ्यांदेखत साल होऊन गेला.

बेबीला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. तिला राग आला. आधी कुणाचा ते कळेना. मग कळलं, त्या पक्ष्याचाच. अरे, एकदा तरी चोच मार, असं तिला त्याला सांगायचं होतं. आणि लगेच दुसरा राग आला, स्वतःचा, की एवढ्याशा पाखराला आपण आपल्या घरात ओढतोय. त्याला काय वाईट वाटत असेल की नसेल, कुणाला ठाऊक? त्याची झोप कदाचित गाढ असेल. तोच तीस-पस्तीस पावसाळे अशाच झोपलेल्या बाईकडे बघून म्हणेलही, बिचारी.

‘पुढच्या आठवड्यात इथे लाकडी पेटी बसवतोय,’ गाडीकडे परत जाताना डॉक्टर म्हणाली. ‘खोडात खाच करून, त्याच्यासाठी.’

‘त्याला कसं कळेल, ती त्याची आहे म्हणून?’

‘कुणाचीच नसते, ताई. जो आधी शिरेल त्याची.’

घरी पोचली तेव्हा दादा फिरायला गेलेला होता. वहिनी हॉलमध्ये वाटाणे सोलत बसली होती. तिने बेबीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, काय अवतार हा. ये इकडे.’ बेबीच्या कपड्यांना कुसळं चिकटली होती. वहिनीने तिला दिवाणावर बसवलं आणि समोर बसून ती एकेक काढायला लागली. वहिनीची बोटं जाडजूड होती, पण काम नाजूक करायची. बेबीच्या जिभेवर ते आठवडाभराचं वाक्य येऊन बसलं होतं. आता, तिने ठरवलं, हे गुडघ्यावरचं कुसळ निघालं की.

‘बेबी,’ वहिनी मान वर न करता म्हणाली, ‘एक सांगू? यांना इतक्यात बोलू नकोस. मला आईंच्या खोलीत झोपायचंय.’

बेबीचा हात गुडघ्यावरच्या कुसळाकडे गेला आणि मागे आला.

‘हसशील तू. पण यांचं घोरणं तुला माहीत नाही. म्हणजे इथपर्यंत येतच असेल, पण शेजारी पडून ऐकायचं म्हणजे... आणि घोरण्याचंही नाही. मला एकदा एकटीला झोपून बघायचंय गं. माहेरी आम्ही चौघी बहिणी एका पलंगावर. इथे आले ती यांच्याशेजारी. दवाखान्यात काय ती एकटी झोपले, तेवढीच. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा एवढं दुःख होतं, तरी रात्री अंग पसरून झोपताना बरं वाटलं होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.’

‘मग जा ना,’ हे बेबीच्या तोंडात तयारच होतं. आयुष्यभर ते तिथे तयार असायचं, खिशात सुटे पैसे असावेत तसं. शेवटचा लाडू, नाही, शेवटचं काहीही, खिडकीची जागा, नवी छत्री: घे ना, जा ना, मला काय करायचंय. आणि वहिनीने आत्ताच जे सांगितलं होतं त्याच्यापुढे तर दुसरं काही बोलणं माणुसकीला धरून नव्हतं. बेबीने वाटाण्याच्या टरफलांकडे पाहिलं.

‘मलाही हवीय,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘खोली.’

‘तुला?’

त्या ‘तुला’मध्ये कपट नव्हतं, निव्वळ आश्चर्य होतं, आणि तेच बेबीला लागलं. मांजराने चहा मागावा तसं वहिनी तिच्याकडे बघत होती.

‘पण तुला हॉल आवडतो ना?’

‘कोण म्हणालं?’

वहिनीने आठवून पाहिलं. ‘कुणी नाही,’ ती हळू म्हणाली. ‘आपलं तसंच आहे असं वाटायचं.’ मग तिचा चेहरा बदलला. ‘आणि मी बोलल्यावर बरं आठवलं तुला. वर्ष झालं खोली रिकामी आहे. मी तोंड उघडलं त्याच दिवशी?’

‘मी आज बोलणारच होते.’

‘हो ना,’ वहिनी म्हणाली. तिने हातातलं कुसळ टरफलांत टाकलं, ताट उचललं आणि ती आत गेली. आत भांडी जरा जास्त वाजली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भांडण झालं असतं तर बरं, पण भांडण नव्हतं. ‘तू घेणार का आधी आंघोळीला?’ ‘नाही नाही, तू जा.’ अशी सोवळी भाषा सुरू झाली. बेबीला रात्री झोप येईना. आपण आत्तापर्यंत न मागता जे जमवलं होतं, ते सगळं एका वाक्यात उधळलं असं तिला वाटे; आणि तरी ते वाक्य परत घ्यावं असं वाटत नसे, याचंच तिला नवल वाटे. संस्थेत ती खोड काढत होती. उभा छेद, सालीचे पापुद्रे, आतला गुळगुळीत पोकळ घडा. त्यात पक्षी बसवायची वेळ आली की तिचा हात अडखळायचा. एकदा डॉक्टर आत आली आणि खुर्चीत कोसळून हसायला लागली. पेटी बसवली, आणि दुसऱ्याच संध्याकाळी तिच्यात आई शिरली. म्हातारीची जुनी ढोली गळकी होती म्हणे. का कोण जाणे, तिच्या त्या जुन्या ढोलीत एक भाऊ गेला. ‘आणि तो?’ बेबीने विचारलं. ‘तो अजून फिरतोय तोंडं बघत. भावाची रिकामी आहे आता, पण त्याला अजून कळलेलं नाही.’ डॉक्टरने कागदावर वाकून पाहिलं. खोडाच्या उजव्या बाजूला, छेदाच्या बाहेर, बेचक्याखाली पेन्सिलीने एक लहानसा आकार आला होता, सालीच्या रंगात जवळजवळ बुडालेला. ‘ताई, ठरलं होतं ना आपलं.’ ‘हो,’ बेबी म्हणाली. ‘पण तो होता.’ डॉक्टरने गाजराचा तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, ‘असू दे. लोकांना सापडला तर सापडला.’

दादाला घरातली हवा कळायला चार-पाच दिवस लागले. एका संध्याकाळी जेवताना त्याने चमचा खाली ठेवला. ‘तुमचं दोघींचं काय चाललंय? घरात बोलायला चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचा का?’

मग बेबीनेच सांगितलं, एका दमात, की आम्हा दोघींनाही आईची खोली हवी आहे. दादाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. तो दिवे बंद करत हिंडणारा, फळं कापून सगळ्यांना आणून देणारा, मुलाच्या फोनची वाट बघत पेपर उलटा धरणारा माणूस होता. ‘खोलीचं काय मधेच,’ तो म्हणाला. ‘आईच्या वस्तू आहेत तिच्यात. कुठे टाकायच्या त्या? राहू दे की आहे तशी. आपापल्या जागी सगळे बरे आहोत.’

‘सगळे म्हणजे कोण?’ वहिनीने विचारलं.

‘सगळे म्हणजे आपण.’

‘अहो, तुमची बहीण तीस-तीस वर्षं या दिवाणावर झोपतेय, हे तुम्हाला माहीत आहे का?’

बेबीने दचकून वर पाहिलं. वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

‘माहीत आहे म्हणजे? रोज बघतो की.’

‘बघता हो. मीही बघतच होते. माहीत आहे का, ते विचारतेय.’

दादाने दिवाणाकडे पाहिलं. त्यावर चादर घातलेली होती, एक उशी होती, टीव्हीचा रिमोट होता. कुणी तिथे झोपत असेल अशी एकही खूण नव्हती. मग त्याने फळांची सुरी घेतली, एक सफरचंद घेतलं आणि ते कापायला सुरुवात केली. तुकडे करून झाल्यावर त्याने बशी बेबीसमोर सरकवली, सगळीच्या सगळी, आणि तो उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

सकाळी बेबी उठली तेव्हा दादा आईच्या खोलीत होता. त्याने खिडकी उघडली होती आणि तो खोकी बाहेर काढत होता, एकटाच, पायजमा खोचून, कुणी मदतीला गेलं तर ‘मी करतो’ म्हणत. आईचा चष्मा त्याने खिशात घातलेला बेबीने पाहिला आणि पाहिलं नाही असं केलं. वहिनीने शिवणयंत्र ओढत बाहेर आणलं आणि ते दिवाणाशेजारी ठेवलं.

‘हे इथे का?’ बेबीने विचारलं.

‘मी इथे झोपणार म्हणून.’

‘वहिनी, अगं...’

‘गप्प बस. यांच्या घोरण्यापासून एक भिंत लांब आहे, सध्या पुरे. टीव्ही आहे, शिवण आहे. मला तुझ्यासारखं वर्षानुवर्षं नाही जमणार, आधीच सांगते. दोन महिने तू आत, मग मी बोंब मारीन, मग बघू. पाळी लावू.’ तिने चादर झटकली. मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि त्या दिवशी “तुला?” म्हणाले ना मी. ते मला झोपू देत नाहीये. घोरण्यापेक्षा वाईट.’

बेबी तिच्या जवळ गेली, पण काय करायचं ते तिला सुचेना. शेवटी तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून दिवाणावर चादर घातली, कोपरे दुमडले, आणि वहिनी त्याच्यावर आडवी पडून छताकडे बघत म्हणाली, ‘बाई गं, हे एवढं कठीण आहे?’ आणि दोघी हसल्या. वहिनी आधी थांबली, आणि मग बेबीचा खांदा तिने बराच वेळ थोपटला.

रात्री बेबी खोलीत गेली. तिने दार लोटलं, मग जरा विचार करून पुरतं लावलं. ते चौकटीत बसल्याचा आवाज तिला फार मोठा वाटला. दिवा लावला, तो लावून ठेवता येत होता. कपडे बदलले, तिथेच, खोलीच्या मधोमध उभी राहून, आणि मधेच थांबून तिने आपल्या उघड्या दंडांकडे पाहिलं, की हे इतके म्हातारे कधी झाले. पलंगावर बसली. मग आडवी झाली, आधी कडेला, मग मधे, मग पुन्हा कडेला. बाहेर टीव्हीचा आवाज चालू होता आणि तो कधी बंद होईल याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. या खोलीत आई गेली होती, त्या उशीच्या बाजूला. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल किंवा भीती वाटेल. पण खोलीत फक्त शांतता होती आणि किंचित इस्त्रीच्या कापडाचा वास. तिने पुस्तक उघडलं. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, काय वाचलं ते कळलं नाही, तरी पान उलटलं.

दारावर दोनदा टकटक झाली.

बेबी दचकून उठून बसली. काहीतरी झालं, असं आधी वाटलं. मग उमगलं, की हे दार वाजतंय आणि ते आपलं आहे. तिच्यासाठी आजवर कुणी कुठलं दार वाजवलं नव्हतं; वाजवायला दार नव्हतं. अशा वेळी आतल्या माणसाने काय म्हणायचं असतं, ते तिने सिनेमात ऐकलं होतं, पण ते शब्द तिच्या तोंडात बसेनात.

‘कोण?’ ती म्हणाली.

‘मी,’ बाहेरून दादाचा आवाज आला. मग तो घुटमळला. ‘झोप येत नाहीये. म्हटलं, तू जागी असशील. येऊ का आत?’

तो बाहेर उभा होता. सवयीने तिने पाय आखडून घेतले होते, त्याला बसायला जागा व्हावी म्हणून. ते तिने पाहिलं आणि सावकाश पुन्हा पसरले. पुस्तक मिटलं. केस सारखे केले. चष्मा काढून पुन्हा घातला. घाई कसलीच नव्हती.

‘थांब जरा,’ ती म्हणाली.

दार उघडलं नाही. दादा थांबला. त्याचा श्वास, एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलेला भार, खाकरणं, अगदी बाबांसारखं, हे सगळं तिला आतून ऐकू येत होतं, आणि तिला तिच्या भावाबद्दल इतकी माया दाटून आली की आणखी थोडा वेळ तिने त्याला तसंच उभं राहू दिलं. मग म्हणाली, ‘ये.’